मुकादमाला बुडवायचं की नाही

माझ्या मावशीच्या दुकानावर पाटी आहे: ‘येथे कपडे उसवून, आवळून, सैल करून मिळतील. नवीन शिवत नाही.’ लोक पाटीखाली उभं राहून ती नीट वाचतात, आत येतात आणि विचारतात, “नवीन शिवता का हो?” मावशी कात्री खाली ठेवते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणते आणि म्हणते, “हो तर. पाटी काय, भिंतीला भोक होतं म्हणून लावलीय.” निम्म्या लोकांना ते खरं वाटतं. ते माप द्यायला हात वर करून उभे राहतात.

दुकान एवढंसं. दोन जण समोरासमोर आले की एकाने मागे सरकत रस्त्यावर जायचं. एक मशीन, एक टेबल, कपडे टांगायची दांडी आणि पुढच्या फळीवर काचेच्या दोन बरण्या. एकीवर ‘अ’, दुसरीवर ‘ब’. मध्ये पुठ्ठा: ‘बटण घरून आणावे. एका माणसाला एक. दुकानातले चालणार नाही. बरणी सांगेल तसेच होईल.’

नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, गरीब बिचाऱ्या शर्टांसाठी काहीतरी मदत गोळा करतायत. तसं नाही.

टीव्हीवर ‘निळी शिडं’ नावाची मालिका लागायची. एक कप्तानीण, तिचं शिडाचं जहाज आणि त्यावरचा एक खत्रूड मुकादम. मावशी मशीन चालवता चालवता ती ऐकायची आणि महत्त्वाच्या प्रसंगी पाय थांबवायची. त्र्याऐंशीव्या भागात मुकादमाने शिडाच्या दोरीला सुरी लावली, कप्तानीण वळली, तिने तोंड उघडलं, आणि मालिका बंद! दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला एक बाई भांडी घासायची पावडर विकत होती.

मावशीने वाहिनीला तीन पत्रं पाठवली. उत्तर नाही. चौथ्यांदा तिने पत्र लिहिलंच नाही, सरळ चौऱ्याऐंशीवा भाग लिहिला.

नवीन शिवायला तिचा हात उठत नाही, पण दुसऱ्याने अर्धवट टाकलेलं दिसलं की तिला राहवत नाही. आई म्हणते, “लहानपणी हिला गोष्ट सांगायची सोय नव्हती. शेवट झाला की म्हणायची, हा कमरेत बसत नाही, द्या इकडे.”

तर तो भाग तिने मापं आखायच्या खाकी कागदावर लिहिला. खाली दोन ओळी: ‘अ: कप्तानीण मुकादमाचा हात धरते. ब: कप्तानीण म्हणते, काप.’ मग कोपऱ्यावरून चाळीस झेरॉक्स काढून आणल्या, घड्या घातल्या आणि तयार कपड्यांच्या खिशांत एकेक सरकवली.

पहिल्याच आठवड्यात एका घरात भांडण लागलं. बायकोला नवऱ्याच्या शर्टात चिठ्ठी सापडली आणि तिची पहिलीच ओळ होती, ‘ती डेकवर त्याच्याकडे बघत उभी होती.’ बाई चिठ्ठी नाचवत दुकानात.

“कोण ही?”

“कप्तानीण,” मावशी म्हणाली.

“राहते कुठे?”

“समुद्रात.”

बाईने उभ्याउभ्या पान वाचून काढलं, नवऱ्याच्या त्याच शर्टाचं बटण तोडलं आणि ‘ब’मध्ये टाकलं. “कापू दे मेल्याला,” ती म्हणाली. ती दवाखान्यात नर्स आहे. नर्सताई आमची पहिली वाचक. तेव्हापासून ती दर वेळी अशी बाजू निवडते की कुणाला तरी पट्टी बांधायला मिळावी.

मत द्यायला बटण तोडायचं आणि त्या जागी दुसरं लावून घ्यायला मावशीकडेच यायचं, ही धंद्याची युक्ती आहे असं समोरच्या इस्त्रीकाकांचं म्हणणं. मावशी म्हणते, “जळतंय तुमचं. वाफ जरा कमी करा.”

पण बरणी सांगेल तसंच, म्हणजे अगदी तसंच. वाचकांनी कप्तानिणीला बोट लागू दिली. भर समुद्रात! धुकं उठवायचं की राहू द्यायचं असं विचारलं, तर तीन आठवडे राहूच दिलं, मावशी धुक्याचं किती वर्णन करू शकते ते बघायला. तिसऱ्या आठवड्यात तिने लिहिलं, ‘धुकं होतं. कालच्यासारखंच. जास्त विचारू नका.’

मोजणी इस्त्रीकाका करतात. आपण कथा वाचत नाही म्हणून आपण निःपक्षपाती, असं ते सांगतात. शनिवारी दुपारी मोजणीआधी मी पान मोठ्याने वाचते, तेव्हा मात्र ते इस्त्री उभी करून आमच्या दारात येतात आणि मध्येच म्हणतात, “अगं पण दोरी तर मागेच कापली होती ना?”

मावशी मला साळुंकी म्हणते, कारण एकदा ऐकलेला आवाज माझ्या घशात राहायलाच येतो. कप्तानीण मी आमच्या मुख्याध्यापिकेच्या आवाजात वाचते. खलाशी सगळे आमच्या वर्गातले मागच्या बाकावरचे. अडत होतं मुकादमापाशी. मालिकेतला मुकादम नुसता गुरगुरायचा, मावशीचा मुकादम बोलायचा. ‘डोळे आहेत की काजं?’ ‘सुई टोचली तर रक्त येतं, अक्कल येत नाही.’ ‘हे सरळ? मग वाकडं कसं असतं ते दाखव.’

“जहाजावरचा माणूस काजांबद्दल कशाला बोलेल?” नर्सताईने एकदा विचारलं.

“आधी शिंपी असेल,” मावशी म्हणाली आणि मशीन उगाचच जोरात चालवलं.

मग एका मंगळवारी दुकानात एक म्हातारा आला. काटकुळा, ताठ, आणि लोक मफलर घालतात तशी गळ्यात माप घ्यायची टेप. त्याने हातातली पँट टेबलावर टाकली आणि म्हणाला, “कमरेत अर्धा इंच आत. जमेल? की डोळ्यांच्या जागी अजून काजंच आहेत?”

माझ्या हातातला चहा सांडला. मुकादम दुकानात आला होता!

मावशी उभी राहिली. गिऱ्हाइकासाठी ती उभी राहिलेली मी कधी पाहिली नव्हती. “जमेल, मास्तर,” ती म्हणाली. “गुरुवारी घेऊन जा.”

तो गेल्यावर मी टेप गळ्यात घातली आणि त्याची मान, त्याचा नाकातला श्वास, त्याचं ‘जमेल?’ सगळं करून दाखवलं. मावशी पोट धरून हसली. हसता हसता खुर्चीत बसली आणि मग मला सगळं सांगितलं.

मोठ्या बाजारात मास्तरांचं कोटांचं दुकान होतं. मावशी सतराव्या वर्षी त्यांच्या हाताखाली लागली. चार वर्षं ओरडा खाल्ला, पण हात असा बसला की बस. मग तिने पहिला अख्खा कोट शिवला. तपकिरी, पुढे सहा बटणं, शिंगाची, चार भोकांची. मास्तरांच्या दुकानात चार भोकांचं बटण दोन सरळ रेघांनी लावायचं, हा कायदा. मावशीने लावली फुलीने, कारण फुली पक्की बसते असं तिचं मत. गिऱ्हाईक कोट अंगात घालून आरशासमोर उभं, दुकानात चार माणसं, आणि मास्तरांनी ते बटण पाहिलं. “फुली म्हणजे चूक,” ते म्हणाले. “शाळेत चुकीवर मारतात ती.” आणि बाहीची शिवण चिमटीत धरून टर्रकन ओढली. “उसव.”

मावशीने उसवलं नाही. आपली कात्री उचलली आणि निघून आली. या गोष्टीला एकवीस वर्षं झाली. नवीन कापड तिने त्यानंतर कापलेलं नाही.

गुरुवारी मास्तर पँट घेऊन गेले आणि मावशीने एकदम विचारलं, “साळुंके, त्यात पान नाही ना घातलंस?”

“सगळ्यांनाच घालते की.”

“अगं, तो वाचेल!”

“मग लिहितेस कशाला?”

पुढच्या मंगळवारपर्यंत तिने तीनदा बोटात सुई घुसवून घेतली. रक्त आलं. अक्कल आली की नाही, माहीत नाही.

मंगळवारी मास्तर तीच पँट घेऊन हजर. “अर्धा इंच बाहेर.” पानाबद्दल अवाक्षर नाही. जाताना मात्र खिशातून काहीतरी काढलं, वापरलेलं तिकीट टाकावं तसं एका बरणीत टाकलं आणि गेले. त्यापुढच्या मंगळवारी अर्धा इंच आत. मग पुन्हा बाहेर. ती बिचारी पँट श्वास घेतल्यासारखी आत-बाहेर होत राहिली. दर गुरुवारी मास्तर शिवणीवरून नख फिरवायचे आणि म्हणायचे, “हं.” या ‘हं’च्या तीन जाती आहेत: चूक सापडली, चूक सापडली नाही, आणि चूक सापडली नाही म्हणून वाईट वाटलं. मला तिन्ही येतात.

आता मुकादमाला आवाज मिळाला आणि कथा सुसाट सुटली. मावशी इतकी रंगात आली की मालिकेत नव्हतीच अशी एक शिडं शिवणारी पोर तिने जहाजावर घेतली. त्या पोरीने एकटीने मोठं शीड शिवलं. मुकादमाने सगळ्या खलाशांसमोर ते टर्रकन फाडलं आणि म्हणाला, ‘उसव.’ खाली निवड: ‘अ: पोर आपली सुई उचलून पुढच्या बंदरात उतरून जाते. ब: पोर मुकादमाला कठड्यावरून ढकलते.’

मावशीला खात्री होती की लोक ‘अ’ घेणार. तिने स्वतः तेच केलं होतं ना.

लोकांनी त्याला ढकललं. अडतीस विरुद्ध चार.

आता मुकादम पाण्यात. मावशीने पुढचं पान लिहिलं: ‘अ: कप्तानीण त्याला दोर टाकते. ब: टाकत नाही.’ ते पान वाटलं आणि दुकानात रांग लागली. कधी एक बटण न टाकलेली माणसं आली. एक रिक्षावाला रिक्षा चालू ठेवून आत आला, ‘ब’मध्ये बटण टाकलं, “हरामखोर,” म्हणाला आणि गेला. कथेतल्या माणसाला, मावशीला नव्हे. नर्सताई म्हणाली, “या वेळी पट्टी नको. बुडवा त्याला.”

मंगळवारी मास्तर आले, पँट दिली, बरण्यांकडे पाहिलं आणि काहीच न टाकता गेले.

मी खडू शोधायला खण उघडला, तर आत काडेपेटी, आणि काडेपेटीत पाच तपकिरी बटणं. शिंगाची. प्रत्येकाच्या भोकांत जुना दोरा, फुलीत अडकलेला.

“दे इकडे,” मावशी म्हणाली.

“ही त्या कोटाची?”

“गिऱ्हाईक परत फिरकलंच नाही वाटतं. कोट राहिला मास्तरांकडेच.” तिने एक बटण तळहातावर घेतलं. “माझा टाका काढलेला नाही, बघ. बटणाखालून कापून आणतो. दर आठवड्याला एक. शनिवारी मोजणी झाली की मी हळूच उचलते.”

“पाच झाली.”

“एक उरलंय. आणि ते त्याने आज टाकलं नाही.” तिने काडेपेटी मिटली. “तो आणि मी काय बोलतो, तूच सांग. आत, बाहेर, हं. बाकी सगळं त्या मुकादमाच्या तोंडून. मी लिहिते, तो बटण टाकतो. मुकादम बुडला की ती पँट कायमची एकाच मापाची होईल.”

शुक्रवारपर्यंत ‘ब’ गळ्यापर्यंत भरली होती. ‘अ’चा नुसता तळ झाकला होता. शनिवारी मी आले तर ‘अ’ही गळ्यापर्यंत.

“मावशी, ‘अ’ वाढली.”

“लोक दयाळू असतात,” ती सुईत दोरा ओवत म्हणाली. सुई उलटी धरली होती.

दुपारी सगळे जमले. आणि शनिवारी कधीच न येणारे मास्तर येऊन स्टुलावर बसले. आता त्यांच्यासमोर त्यांच्याच आवाजात मुकादम कसा वाचणार? मी गुपचूप एक मिळमिळीत आवाज लावला.

“असं नाही बोलत तो,” मास्तर म्हणाले. “छातीतून काढ.”

मी छातीतून काढला. मग काय, सुटलेच. ‘पाणी गार आहे तर आहे! दोर टाकायचा तर गाठ नीट मारा, डोळे आहेत की काजं?’ इस्त्रीकाका एकदा माझ्याकडे, एकदा मास्तरांकडे बघत होते. मास्तर म्हणाले, “हं.” दुसरी जात.

इस्त्रीकाकांनी टेबलावर चादर अंथरून बरण्या रिकाम्या केल्या. मोजलं. पुन्हा मोजलं. “‘ब’ चव्वेचाळीस,” ते म्हणाले. “‘अ’ सेहेचाळीस. वाचला.”

“वाचला?” नर्सताई ओरडली. “कोण ते दोर टाकणारे? हात वर करा!” एकही हात वर नाही.

मास्तर उठले. ‘अ’च्या ढिगातलं एक पांढरं बटण उचललं, उजेडात धरलं, एक डोळा मिटला. मग दुसरं. मग तिसरं. “यांच्या भोकांतून दोरा गेलेला नाही,” ते म्हणाले. “ही बटणं कुणाच्या अंगावर कधी गेलीच नाहीत. डब्यातली आहेत.”

इस्त्रीकाकांनी वाकून पाहिलं. “खरंच की! इस्त्री बसली की बटण पिवळं पडतं. हे तर दुधाचे दात.”

घरून तोडून आणलेल्या बटणांत दोऱ्याचं एखादं कुसळ तरी राहतंच. सारं आयुष्य बटणं लावण्यात गेलं, आणि खोटी मतं टाकताना मावशीच्या हे लक्षात आलं नाही. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती लाल झाली होती, कानांपासून मानेपर्यंत.

“उसव,” मास्तर म्हणाले.

मला वाटलं, आता ही कात्री उचलणार आणि आपल्याच दुकानातून निघून जाणार. पण मावशी टेबलाशी आली आणि एकेक कोरं बटण बाजूला काढायला लागली. एकतीस निघाली. ‘अ’मध्ये उरली पंधरा.

“पुठ्ठा तूच लिहिलास ना गं?” नर्सताई म्हणाली.

“मीच लिहिला. आणि चोरीही मीच केली,” मावशी म्हणाली. “मला तो हवाय. तो गेला तर बोलणार कोण?” ती मास्तरांच्या तोंडाकडे बघत नव्हती, गळ्यातल्या टेपेकडे बघत होती.

“माझं टाकायचं राहिलंय,” मास्तर म्हणाले. त्यांनी खिशातून तपकिरी बटण काढलं. सहावं. आणि चादरीवर ‘ब’च्या ढिगात ठेवलं.

“तुम्हीसुद्धा?” मावशीचा आवाज एवढासा झाला.

“त्या पोरीचं शीड सरळ होतं,” मास्तर म्हणाले. “वाचलंय मी. टाका न् टाका सरळ. त्याने मुद्दाम फाडलं, तेही चार माणसांत. असल्या माणसाला दोर टाकायचा नसतो.”

“पण दोरी तर मागेच…” इस्त्रीकाकांनी सुरुवात केली. नर्सताईने त्यांच्या पायावर पाय दिला.

“शिडाला फुलीचे टाके होते,” मावशी म्हणाली.

“वाचलं तेही.” मास्तरांनी टेप सारखी केली. “वादळात टिकले असते. बुडव त्याला. पण नीट बुडव, घाईत उरकू नकोस. आणि शेवटी रडवू नकोस. तो रडणारा नाही.”

मावशीने दीड पान बुडवला. इतका सुरेख बुडवला की नर्सताई डोळे पुसत आली आणि म्हणाली, “एवढं चांगलं बुडवायचं असतं का?” पाण्याखाली जाता जाता मुकादम लाटांना म्हणाला, ‘हे सरळ? मग वाकडी लाट कशी असते ते दाखवा.’ आणि पानाच्या तळाला, बरणीचा शब्द न मोडता, निवड होती: ‘अ: मुकादमाचं प्रेत सापडतं. ब: नुसती टोपी सापडते.’

मंगळवारी मावशी सकाळपासून एकच पँट उसवत होती आणि पुन्हा शिवत होती. मास्तर उशिरा आले. हातात पँट नव्हती. तपकिरी कोट होता. एक बाही खांद्यापाशी फाटलेली, एकवीस वर्षांपूर्वी फाटली होती तशीच, आणि पुढे बटणांच्या जागी सहा दोऱ्यांची टोकं.

“बाही बसव. बटणं लाव.”

“बटणं कुठून आणू?” मावशी म्हणाली.

“मला काय विचारतेस? दुकान तुझं.”

मावशीने खणातून काडेपेटी काढली. मास्तर स्टुलावर बसले. दीड तास मावशीचा हात चालू होता. मला शिकवणीला जायचं होतं, पण गेले नाही. बाही बसली. मग सहा बटणं, सहा फुल्या.

मास्तरांनी सहाही बटणांवरून नख फिरवलं. “फुली,” ते म्हणाले.

“फुलीच,” मावशी म्हणाली.

“हं.”

ही चौथी जात होती. रोज आरशासमोर प्रयत्न करते, अजून जमत नाही.

त्यांनी कोट अंगात घातला, आरशात एकदा पुढून पाहिलं, एकदा बाजूने. मग टेबलावरची मावशीची कात्री उचलली, सगळ्यांत वरचं बटण कापलं आणि ‘ब’च्या बरणीत टाकलं.

“हे पुढच्या मंगळवारी लाव,” ते म्हणाले.